सी कॉर्ड बसत नाही? आधी अनामिका ठेवा

गिटार नव्याने शिकताना सी कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) बहुतेकांची एक तरी तार खडखडते. कारण आपण तर्जनी आधी रोवतो आणि मग बाकीची बोटं ताणत बसतो. क्रम उलटा करा (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या; फ्रेट म्हणजे मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा, ती गिटारच्या डोक्याकडून मोजायची):

१. अनामिका पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटमध्ये. पुढच्या, म्हणजे गिटारच्या पोटाकडच्या पट्टीला अगदी खेटून, म्हणजे कमी जोरातही स्वर स्वच्छ येतो.
२. मधलं बोट चौथ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटमध्ये.
३. तर्जनी दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटमध्ये. बोटाचं टोक उभं हवं. आडवं झालं की खालची पहिली तार दबते आणि मुकी होते. नखं वाढलेली असतील तर हे जमणारच नाही, आधी ती कापा.

आता पाचवीपासून एकेक तार छेडा. जी बोलत नाही, तेवढंच बोट सरकवा. पुढे ए मायनरला फक्त अनामिका तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटमध्ये न्यायची. बाकी दोन्ही जागेवरच.

बोटांची टोकं दुखणारच, पण मनगट दुखलं तर थांबा. आणि तारा फळीपासून फारच उंच असतील तर दोष तुमचा नाही. सांगलीकरांना मिरज जवळ आहे, वाद्य कारागिराला दाखवून त्या खाली करून घ्या.