दोन गिटार, एकच अ‍ॅम्प

अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक दोन्ही वाजवत असाल आणि एकच अ‍ॅम्प उचलून न्यायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अकूस्टिकचा अ‍ॅम्प घ्या, इलेक्ट्रिकचा नको.

कारण स्पीकरमध्ये आहे. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ गाळूनच टाकतो. डिस्टॉर्शनला, म्हणजे इलेक्ट्रिकच्या मुद्दाम फाटवलेल्या आवाजाला, ते हवंच असतं, पण अकूस्टिकच्या तारांची झळाळी तिथेच मरते आणि गिटार पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वाजते. अकूस्टिक अ‍ॅम्पमध्ये ट्वीटर (वरचे तीक्ष्ण आवाज वाजवणारा छोटा स्पीकर) असतो, तो सगळं ऐकवतो. म्हणूनच त्यात डिस्टॉर्शन पेडल थेट लावलं की माशी घोंगावल्यासारखा कर्कश आवाज येतो. उपाय सोपा आहे: मधे कॅबिनेट सिम्युलेशन (इलेक्ट्रिक गिटारच्या स्पीकरची नक्कल) असलेला छोटा मल्टी-इफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र असलेलं पेडल) जोडा. स्पीकरची गाळणी तोच करतो. मात्र अकूस्टिक लावताना ते सिम्युलेशन बंद ठेवायचं, हे विसरू नका.

दोन स्वतंत्र चॅनल बघून घ्या, म्हणजे गाण्यांच्या मधे वायरी बदलाव्या लागत नाहीत. नॉच फिल्टर (घुमणारा नेमका सूर कापणारा) किंवा फेजचं (ध्वनिलहर उलटी करणारं) बटण असेल तर फारच उत्तम. स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून अकूस्टिक घुमायला लागली की तेच वाचवतं. मोठ्या हॉलसाठी एक्सएलआर डीआय आउट (हॉलच्या साउंड सिस्टिमला थेट जोडायचं आउटपुट) हवाच. रस्त्यावर वाजवणार असाल तर बॅटरीवरचा बघा. रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स 50 वॅटचा आहे आणि 8 डबल-ए सेलवर चालतो.

दुकानात जाताना स्वतःच्या दोन्ही गिटार सोबत न्या, आणि अ‍ॅम्प एका हातात धरून एक जिना चढून बघा.