वजन जास्त आहे आणि दुसरं लेकरू हवंय: दिवस राहण्याआधीच्या चार महिन्यांत काय करायचं

पहिलं लेकरू अंगणवाडीत जायला लागलं की घरात दुसऱ्याचा विषय निघतो. पहिल्या जचकीत चढलेलं आठ-दहा किलो वजन मात्र अजून अंगावरच असतं. मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. सासूबाई म्हणतात, ‘राहू दे दिवस, मग पाहू.’ शेजारीण म्हणते, ‘एवढ्या वजनात कुठे राहतात दिवस?’ दोन्ही मनावर घेऊ नका. वजन जास्त असलेल्या बहुतेक बायांना दिवस राहतात आणि लेकरंही धडधाकट होतात. पण जास्त वजनात अंडं दर महिन्याला वेळेवर सुटेलच असं नसतं. गरोदरपणात शुगर आणि बीपी वाढण्याची, सिझर होण्याची, टाके पिकण्याची शक्यताही वाढते. यातला बराच धोका दिवस राहण्याआधी कमी करता येतो. एकदा दिवस राहिले की वजन उतरवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून तयारी तीन-चार महिने आधी सुरू करायची.

आधी जुनं कार्ड काढा

दुसऱ्या खेपेचा मोठा फायदा म्हणजे पहिल्या खेपेची नोंद लिहिलेली असते. माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरी लेकराच्या लसींसाठी पेटीत जपलेलं असतं. ते काढा. सिझर झालं असेल तर दवाखान्यातून सुटी देताना दिलेला कागदही सोबत घ्या. बीपी कधी १४०/९० किंवा त्याहून वर गेला होता का, ते पाहा. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी काढलेली शुगर १४० किंवा जास्त होती का, तेही पाहा. लेकरू ४ किलोच्या वर किंवा अडीच किलोच्या खाली होतं का? सिझर कशामुळे करावं लागलं? यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल किंवा सिझर झालेलं असेल, तर हा कागद डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या वेळी शुगर किंवा बीपी वाढला असेल तर तो पुन्हा वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

लेकराच्या जन्मतारखेवरही नजर टाका. जन्मापासून पुन्हा दिवस राहेपर्यंत किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत. सिझरनंतर तर हे अंतर पाळाच, कारण पिशवीवरचे आतले टाके भक्कम व्हायला वेळ लागतो.

उंची, वजन, कंबर

अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभ्या राहा. डोक्यावर आडवी वही ठेवून दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिलीची खूण करायला सांगा आणि शिवणकामाच्या टेपने मोजा. वजन उपकेंद्रातल्या काट्यावर घ्या. मात्र दर वेळी तोच काटा, सकाळची वेळ आणि साधारण तेवढेच कपडे हवेत. काटा बदलला की एक-दोन किलोचा फरक पडतो आणि बाई उगाच खचते.

आता वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. उंची १५२ सेंमी आणि वजन ६८ किलो असेल तर ६८ भागिले १.५२, आणि आलेल्या आकड्याला पुन्हा १.५२ ने भागायचं. उत्तर २९.४ येतं. हा बीएमआय. आपल्या भारतीय शरीरासाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही शुगर लवकर गाठते. दवाखान्यातल्या काही तक्त्यांवर हेच आकडे २५ आणि ३० असतात, त्यामुळे गोंधळू नका. कंबरेचा घेर ८० सेंमीच्या वर असेल तर पोटावरची चरबी जास्त आहे असं समजा.

लग्नाच्या वेळचं वजन परत आणायला निघू नका. आहे त्या वजनाच्या ५ टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ६८ किलोच्या बाईसाठी हे साडेतीन किलोच्या आत बसतं.

तपासण्या, आणि त्यात सिकलसेल

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची शुगर तपासून घ्या. वजन जास्त म्हणजे अंगात रक्त भरपूर, असा समज गावात पक्का आहे. तो खोटा आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमीच. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा जास्त आली तर तो मधुमेह. तो आटोक्यात येईपर्यंत दिवस राहू देऊ नका, कारण पहिल्या आठवड्यांत वाढलेली शुगर बाळाच्या हृदयात आणि मणक्यात दोष निर्माण करू शकते. थायरॉइडची तपासणी गावात होत नसेल तर तालुक्याला जाऊन करा.

विदर्भात आणखी एक तपासणी टाळू नये: सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात हा आजार बराच आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोष अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं लेकरू निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. दोघंही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी कुठे होते याची चौकशी आताच करून ठेवा, कारण ती पहिल्या तिमाहीत सुरू करावी लागते.

बीपी, फिट किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू असतील तर पाकिटं घेऊनच डॉक्टरांकडे जा. यातल्या काही गरोदरपणात चालत नाहीत आणि आधीच बदलाव्या लागतात. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका. थायरॉइडची तर मुळीच नाही.

तांबी एवढ्यात काढू नका

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. ठरलं की दुसऱ्याच दिवशी तांबी काढून येतात आणि शुगर तपासायच्या आत दिवस राहतात. तांबी काढल्यावर पुढच्या महिन्यातही दिवस राहू शकतात, म्हणून ती शेवटी काढायची: तपासण्या झाल्यावर, थोडं वजन उतरल्यावर आणि फॉलिक ॲसिडची गोळी (तिच्याबद्दल पुढे आहे) सुरू होऊन दोन-तीन महिने झाल्यावर.

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचं गणित उलटं आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. त्यामुळे पुढचं इंजेक्शन न घेता तयारीच्या काळात निरोध वापरा. इंजेक्शन बंद करून चार महिने झाले, पाळी आली नाही, म्हणून आपल्यातच दोष आहे असं धरून बसू नका.

वय ३५ च्या पुढे असेल तर वजनासाठी वर्षभर थांबण्यात नुकसान आहे. तीन महिने मनापासून प्रयत्न करा आणि मग वजन किती का असेना, डॉक्टरांना विचारून पुढे जा.

ताटात काय बदलायचं

वेगळा स्वयंपाक करू नका. घरात एकीसाठी वेगळं शिजत नाही, आणि शिजलं तरी आठ दिवसांवर टिकत नाही. आहे त्याच स्वयंपाकातल्या तीन जागा पकडा.

पहिली चहा. सकाळी दोन, दुपारी एक, शेतातून आल्यावर एक असे चार कप आणि प्रत्येकात दोन लहान चमचे साखर धरली तर दिवसाला आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक होतात. चहाच्या गंजात साखर डब्यातून तशीच ओतली जाते आणि तिथेच हिशेब सुटतो. डब्यात लहान चमचा ठेवा आणि कपाला एकच टाका. आठवडाभर चहा फिका लागेल, नंतर जिभेला सवय होते.

दुसरी तेल. माणशी दिवसाला २० मिली म्हणजे चार जणांना ८० मिली. या हिशेबाने एक लिटरची पिशवी बारा दिवस पुरायला हवी. पिशवी फोडताना तिच्यावर पेनाने तारीख लिहा. सहाव्या-सातव्या दिवशी संपत असेल तर दुप्पट तेल पोटात जातंय. फोडणीचं तेल कढईत बाटलीतून न ओतता मोठ्या चमच्याने मोजून घाला. तर्री आणि आलूबोंडा आठवड्यातून एकदाच.

तिसरी भात. भंडारा-गोंदियाकडे दोन्ही वेळा भातच असतो, वऱ्हाडात भाकरी-पोळीवर शेवटी भात येतो. तो एक वाटीवर आणा. त्याऐवजी वरण दोन वाट्या घ्या, घट्ट. अंडी चालत असतील तर रोज एक. चून करायचं तर कमी तेलात करा. अर्ध्या ताटात पालक, चवळी, अंबाडी, घोळ, पावसाळ्यात तरोटा, जे मिळेल ती भाजी. साखर अर्धी, तेल एक मोठा चमचा कमी आणि भात एक वाटी कमी, एवढ्याने दिवसाला ४०० च्या आसपास उष्मांक घटतात. महिन्याला एक ते दीड किलो उतरतं, म्हणजे तीन महिन्यांत ठरवलेलं गाठता येतं.

एवढं करूनही काटा हलत नसेल तर दोन ठिकाणी पाहा. एक, लेकराच्या ताटातलं उरलेलं. अन्न टाकवत नाही म्हणून आई ते खाते. लेकराला आधी कमी वाढा, मागितलं तर पुन्हा द्या. दुसरं, उपास. साबुदाण्याच्या खिचडीत नुसता पिष्ट, दाण्याचा कूट आणि तेल असतं. उपासाला भगर आणि ताक घ्या. नवरात्रात नऊ दिवस चहावर राहून वजन उतरतं, पण दसऱ्यानंतर तितकंच परत चढतं आणि रक्त मात्र कमी झालेलं असतं.

बाजारातल्या वजन उतरवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या या काळात अजिबात घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

चालणं

‘दिवसभर वावरात असते, आणखी कशाला चालायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. रोवणी, सोंगणी, कापूस वेचणीच्या दिवसांत वेगळ्या व्यायामाची गरज नाही. त्या दिवसांत झोप पुरी करा. पण वेचणी संपल्यापासून पेरणीपर्यंत कामं थंडावतात आणि वजन तेव्हाच चढतं. या महिन्यांत आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग हवा. एप्रिल-मेमध्ये सूर्य उगवायच्या आधी निघा.

फॉलिक ॲसिड

बाळाचा मणका आणि मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. तोवर बऱ्याच जणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी आधीपासून हवी: रोज ४०० मायक्रोग्रॅम, किमान दोन-तीन महिने आधीपासून ते तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत. बीएमआय ३० च्या वर असेल, मधुमेह असेल किंवा फिटची गोळी सुरू असेल तर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. आशाताईंकडून आठवड्याला मिळणारी लाल गोळी रक्तासाठी आहे. आठवड्यातून एकदा घेऊन हे काम भागत नाही.

नवऱ्याचेही तीन महिने

शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे खर्रा, बिडी आणि दारू आज सोडली तर फायदा तीन महिन्यांनी दिसतो. बाईची तपकीर (नस), गुडाखू, खर्राही सुटायला हवा, कारण तंबाखूने बाळाचं वजन घटतं. फवारणीचं औषध बाईने कालवू नये आणि फवारणीचे कपडे उघड्या हाताने धुऊ नयेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ही औषधं कातडीतूनही अंगात जातात.

मुलगा की मुलगी हे नवऱ्याच्या बीजावर ठरतं. बाईच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. मुलगा व्हावा म्हणून कोणी पुडी दिली तर ती घेऊ नका, बाळाला तिने इजा होऊ शकते.

दिवस कसे मोजायचे

अंडं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदाव्या दिवशी, ३५ ची असेल तर एकविसाव्या दिवशी. त्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, तार धरणारा स्राव दिसला की दिवस जवळ आले. नवरा रोज घरी असेल तर मोजणी सोडा, दोन-तीन दिवसांआड संबंध पुरेसा आहे. तो नागपूर-पुण्याला कामाला असेल तर मात्र कॅलेंडरवर खुणा करून त्याच्या सुट्या जुळवा.

पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल तर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळ्यांनी अंडं सुटायला मदत होते. पाळी नियमित असेल तर वर्षभर प्रयत्न करा, ३५ च्या पुढे वय असेल तर सहा महिने.

पाळी चुकली की

आठवडाभर वाट पाहून आशाताईंकडच्या निश्चय किटवर सकाळची पहिली लघवी तपासा आणि लगेच नाव नोंदवा. वजन उतरवणं इथे थांबवायचं. पहिल्याच भेटीत ग्लुकोजची तपासणी मागा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा. दंडाचा घेर ३२ सेंमीच्या वर असेल तर बीपीचा मोठा पट्टा लावायला सांगा. लहान पट्ट्यावर बीपी खोटा चढलेला दिसतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, ती तारीख चुकवू नका. डोकं फार दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा छातीखाली दुखलं तर १०८ ला फोन करा.

जचकी कुठे करायची हे सातव्या महिन्याआधी ठरवा. आधी सिझर झालेलं असेल आणि वजनही जास्त असेल तर जिथे भूलतज्ज्ञ, रक्त आणि सिझरची सोय आहे असं उपजिल्हा किंवा जिल्हा स्त्री रुग्णालय निवडा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाळी शेवटची असेल तर जचकी जुलै-ऑगस्टमध्ये येते. तुमच्या गावचा नाला त्या दिवसांत रस्ता अडवत असेल तर तारखेच्या दोन आठवडे आधी रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवा. गडचिरोली, मेळघाटाकडे राहत असाल तर तुमच्या आरोग्य केंद्रात माहेरघराची, म्हणजे जचकीआधी मुक्कामाची, सोय आहे का, हे आशाताईंना विचारा.