डी.एड.चा फॉर्म भरायच्या आधी थोडे दिवस वर्गात बसून बघा

बारावी झाली की आमच्या कोल्हापुरात पोरींना ठरलेला सल्ला मिळतो, डी.एड. (प्राथमिक शिक्षक व्हायचा कोर्स) कर, नोकरी बरी, सुट्ट्या बऱ्या. (आता ते डी.एल.एड. झालंय, पण बोलताना सगळे डी.एड.च म्हणतात.) माझं म्हणणं एवढंच की आधी एखाद्या प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून जा, कारण पुढं दोन वर्षं कोर्स, मग टीईटी म्हणजे शिक्षकाची पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता परीक्षा, मग पवित्र पोर्टल ह्या शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाईटकडं डोळे लावून बसायचं, आणि एवढं करून पोरांचा कलकलाट सोसत नाही असं कळलं तर काय करणार? बी.एड. करून लहान वर्गाला शिकवीन म्हणाल तर ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तो रस्ता पण बंद झालाय.

शाळा मिळते. मी घराजवळच्या मराठी शाळेत मुख्याध्यापकांना भेटले, अर्ज आणि आधारची झेरॉक्स दिली, दुसरीचा वर्ग मिळाला. महापालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत वरून परवानगी लागू शकते, ते तिथल्या सरांनाच विचारा.

सुरुवातीला काम काय, तर पेन्सिलींना टोक काढून द्या, वह्या वाटा, खिचडीच्या वेळी हात धुवायची लाईन लावा. त्यात "ओ मॅडम, ह्यो मला चिमटं काढालाय बघा की" हे दिवसभर. पण डोळे बाईंवर ठेवा. धडा कसा शिकवतात ते तर दिसतंच, गणित संपवून भाषेकडं येताना वर्ग हातातून कसा सुटू देत नाहीत ते बघा. आमच्या बाई ओरडायच्या नाहीत, टाळ्यांचा एक ठेका द्यायच्या, पोरं तोच परत वाजवायची आणि तेवढ्यात गणिताची वही दप्तरात गेलेली असायची.

सगळ्यात जास्त शिकले ते वाचनाच्या तासाला. एक पोरगा धडा घडाघडा वाचायचा, मला वाटलं हुशार आहे. बाईंनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि हे काय विचारलं, तर गप्प! अख्खा धडा पाठ होता, अक्षर ओळख कच्ची. मग त्याच्यासोबत रोज कोपऱ्यात शब्दकार्डं घेऊन बसायचं काम माझ्याकडं आलं. हातच्याच्या बेरजेचं पण तसंच, उत्तर बरोबर येतं पण तो एक वर का लिहिला विचारलं की "बाईंनी सांगितलंय". तिथं काड्यांचे गठ्ठे काढा, दहा सुट्ट्या काड्या पोरालाच रबरानं बांधू दे, फळ्यावर नुसतं परत परत लिहून काही होत नाही.

दोन गोष्टी पक्क्या ठेवा. पोरांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, आणि हात उगारायचा नाही, अगदी गमतीत पण नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला आणि टाकून बोलायला दोन्हीला बंदी आहे. घरचे म्हणतील आम्ही छड्या खाऊनच शिकलो, म्हणू देत.

ह्या कामाचे टेटमध्ये मार्क वगैरे मिळत नाहीत, त्या आशेनं जाऊ नका. आणि जूनमध्ये तर नकोच, पहिलीची रडारड चालू असते, बाईंना तुमच्याकडं बघायला वेळ नसतो. बारावीचा शेवटचा पेपर झाला की लगेच जा, एप्रिलपर्यंत शाळा चालू असतात, उन्हामुळं सकाळच्या भरतात, दुपार मोकळी मिळते.