चाळिशी लागल्यावर गणपतीच्या शाळेत

मुंबईतली नोकरी सोडून गावी परतलात, हातात चित्रकला आहे आणि गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, काम शिकायचं आहे, तर आल्या आल्या ब्रश मागू नका. लालबाग-परळच्या मोठ्या कारखान्यांत कामं वाटलेली असतात. गावच्या शाळेत दोन-चार माणसांत सगळं उरकायचं असतं, म्हणून पहिला हंगाम मातीचाच.

शाडू कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा, बोटाला चिकटता कामा नये. साच्यात दाबताना जाडी सगळीकडे सारखी हवी, फूटभर मूर्तीला साधारण पाऊण इंच. पोट जाड आणि कान पातळ राहिला, की कान आधी सुकून आकसतो आणि मुळाशी तडा जातो. हात जोडताना धडही ओलं हवं. सुकल्या धडाला लावलेला ओला हात सुकताना सुटतोच.

आषाढातल्या दमट हवेत मूर्ती वरून पांढरी दिसते, आतून ओलीच असते. तिच्या पाठीला तळहात लावा. गार लागली तर थांबा. घाईने रंग दिलात तर आतला ओलावा बाहेर पडताना पोपडे काढतो, नाहीतर काळी बुरशी धरते. जोराचा पंखा लावू नका, तडे जातात. पडवीत, भिंतीपासून सुटी ठेवा.

सिंधुदुर्गात लोक घरचा पाट शाळेत आणून देतात. त्याच्या मागे नाव लिहा आणि मूर्तीची बैठक त्यावर मावते का, ते त्याच दिवशी मोजा. पैसे मात्र बहुतेक चतुर्थीच्या तोंडावर हातात येतात. तोवरचा घरखर्च बाजूला काढूनच या कामात उतरावं.

खरी परीक्षा आखणीची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याची. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं आणि आखणीत आपला डोळा मूर्तीपासून जेमतेम वीतभर असतो. पेपर वाचायचा चष्मा इथे पुरत नाही. नंबर काढताना हे अंतर पट्टीने मोजून सांगा आणि फक्त जवळचा वेगळा चष्मा करून घ्या. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा नंबर खालच्या भागात असतो, त्यामुळे समोरच्या मूर्तीकडे पाहायला हनुवटी वर करावी लागते आणि तासाभरात मान धरते. मूर्ती फिरत्या पाटावर चढवा, स्वतः स्टुलावर बसा. दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे उजव्या हाताची सावली रेषेवर पडत नाही. आखणी सकाळीच करा, दुपारनंतर हात आणि नजर दोन्ही शिणतात.

एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे वळू नका. आधी दोन्ही पापण्या, मग दोन्ही बुबुळं, शेवटी पांढरे ठिपके. प्रत्येक टप्प्यानंतर चष्मा काढून चार पावलं मागे या. नजरेतला तिरकेपणा जवळून कळत नाही, तिथून लगेच दिसतो.