ओसरीत कूलरसाठी नवा पॉइंट

मार्च सरला की कूलर ओसरीत येतो, बोर्ड मात्र आतल्या खोलीत. मग एक्स्टेंशन उंबऱ्यावरून लोळत आणायचं, त्यावर लेकरं उड्या मारणार. त्यापेक्षा आतल्या बोर्डावरून पॉइंट वाढवलेला बरा. नियमाने नवीन पॉइंटचं काम परवानाधारक वायरमनचं आहे. तारांची पट्टी आणि सॉकेटची पेटी आपण ठोकावी, जोडणी त्याच्या हातून करावी, पण काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे.

आधी लोड पाहा. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर दहाच्या वर पॉइंट किंवा 800 वॉटच्या वर लोड नसावा. साधा घरगुती कूलर त्यात बसतो. प्रेस, हीटर, मोटरपंप बसत नाहीत. त्यांना 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर आणि मेनपासून वेगळी लाइन लागते.

मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोही. “लाइन गेलीच आहे, तेवढ्यात उरकून घेऊ” असं कधीच करू नका. गेलेली लाइन सांगून परत येत नाही. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहा, मग मेन बंद करून बोर्डातल्या प्रत्येक तारेला लावा.

आता मातीच्या भिंतीवर स्क्रूची गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) धरत नाही, तिथे लाकडी खुंटी ठोकून त्यावर पट्टी बसवा. पट्टीतून 1.5 स्क्वेअर एमएमच्या तीन तारा ओढा : लाल फेज (करंट आणणारी), काळी न्यूट्रल (परत नेणारी), हिरवी अर्थ (जमिनीत जाणारी). फेज स्विचमधून फिरवून सॉकेटच्या उजव्या छिद्राला, न्यूट्रल डाव्या, अर्थ वरच्या मोठ्या छिद्राला. तार सेंटीमीटरभर सोला, स्क्रू घट्ट करा, ओढून पाहा. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर टाकलेला सापडतो. तो आधी दुरुस्त करा.

जुन्या बोर्डात हिरवी तार नसेल तर काम तिथेच थांबवा. लोखंडी कूलर, ओला पत्रा, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यात अर्थिंग नसलेला पॉइंट जीव घेतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का पाहा आणि कूलरच्या दिवसांत त्यात नेमाने पाणी टाका. वायरमन आलाच आहे तर अर्थ तपासून घ्या, मेनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

शेवटी लाइन चालू करा. स्विच चालू असताना टेस्टर फक्त उजव्या छिद्रात पेटावा, बंद केल्यावर कुठेच नाही. आणि कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरा.