सभागृहाआधी मानशीवर जा

परदेशी निधीतून येणारं एखादं यंत्र गावात बसवायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर पंचायतीच्या सभागृहात बैठक लावायची घाई करू नका. मी गोव्यातल्या डिचोलीची. गाव आणि देणगीदार यांच्यामधला दुवा म्हणून काम करते. ही घाई मी एकदा केली आणि त्यात अख्खा पावसाळा वाया गेला.

काम होतं मांडवीकाठच्या खाजनातलं. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचं दार, लाकडी झडपांचं. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. आम्ही तिथे पाण्याचा खारटपणा सांगणारा सेन्सर लावणार होतो, शेतकऱ्यांना फोनवर निरोप जावा म्हणून. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन आठवड्यांनी पाहिलं तर सेन्सरच्या पेटीची वायर तोडलेली.

म्हणून स्टेकहोल्डरांची, म्हणजे कामाशी संबंध येणाऱ्या सगळ्यांची, यादी ऑफिसात बसून करू नका, जागेवर जाऊन करा. तीन प्रश्न विचारा: या वस्तूला रोज कोणाचा हात लागणार, हिच्यामुळे कोणाच्या पोटावर पाय येऊ शकतो, आणि ही बिघडली तर आधी कोणाला कळणार? आमच्या यादीत जमिनीची मालक कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, होती, कसणारी कुळं होती, बांध सांभाळणारी कूळ संघटना होती, पंचायत आणि कृषी खातं होतं. मानशीवर मासे धरायचा हक्क ज्याने पावणीत, म्हणजे लिलावात, पैसे मोजून घेतला होता, तो मात्र नव्हता. झडपा उघड्या राहून खारं पाणी आत आलं की त्याला मासळी मिळते, आणि त्याच पाण्याने भाताची नासाडी होते. आमचे आकडे उद्या आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतील, अशी त्याची भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

अशा माणसाला भेटायचं ते त्याच्या कामाच्या वेळी. अमावास्येच्या सुमारास, रात्री ओहोटी लागल्यावर मी गेले. झडपा उघडल्या, पाण्याचा लोट सुटला आणि मानशीच्या तोंडाला लावलेलं जाळं ताणून फुगलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग टॉर्च मारून त्याने आमची पेटी दाखवली: जाळं ओढताना दोरी नेमकी तिच्या कोपऱ्यात अडकत होती. बैठकीत हे कोणाला सुचलं असतं? पेटी आम्ही हातभर वर आणि पलीकडच्या अंगाला नेली. आकडे कोण बघणार आणि कशासाठी वापरायचे नाहीत, हे त्याच्यासमोर आणि कूळ संघटनेसमोर कागदावर लिहून घेतलं. तोंडी कबुलीवर राहू नका. लोकांचे फोन नंबर घेतानाही ते कशासाठी हवेत हे सांगून संमती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा आधारच संमती हा आहे.

शब्द जपून वापरा. मी पत्रकात ‘खारटपणाची मोजणी’ लिहिलं होतं. गावात मोजणी म्हटलं की जमिनीची मोजणी, आणि कुळाच्या जमिनीत ती म्हणजे भांडणाची नांदी. पुढे आम्ही ‘पाणी किती खारं’ एवढंच म्हणू लागलो. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली, पण तिसवाडी-सालसेत तालुक्यांत कितीतरी जण कोंकणी रोमी (रोमन) लिपीत वाचतात. त्यामुळे बोलून पाठवलेला निरोप सगळ्यात चांगला पोचतो.

चवथ (गणेशचतुर्थी), जत्रा आणि भातलावणीचे दिवस टाळा. दुपारच्या झोपेच्या वेळी कोणाच्या दारात जाऊ नका.

आता पलीकडची बाजू. देणगीदाराला तिमाही अहवाल हवा असतो, आणि मानशीवर घालवलेली रात्र त्याच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. ती बसवून घ्या. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधीच गावभेटींचे दिवस आणि यंत्राची जागा बदलण्याचा खर्च वेगळा मागा. उशीर का म्हणून विचारलं, तर जागतिक बँकेच्या २०१८ पासून लागू असलेल्या पर्यावरणीय आणि सामाजिक चौकटीतलं दहावं मानक दाखवा. संबंधितांशी बोलणं प्रकल्पाच्या सुरुवातीलाच सुरू करावं, शेवटपर्यंत चालू ठेवावं, तक्रारीची सोय असावी, असं त्यात आहे. तुमचा पैसा दुसऱ्या कोणाचा असला, तरी हा दाखला वजन टाकतो.

आणि पहिल्याच महिन्यात, सगळे समोर असताना, एक विचारून घ्या: निधी संपल्यावर पेटीतल्या सिमचं रिचार्ज कोण करणार? आमच्याकडे यावर तासभर वाद झाला. शेवटी निम्मा खर्च कूळ संघटनेने उचलला, निम्मा पावणीवाल्याने. पेटीची एक किल्ली त्याच्याकडे असते.