मागच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलताय? या चुका टाळा

"नवीन बेअरिंग टाकलं आणि महिन्याभरात परत घूंऽऽ सुरू. हल्ली मालच खराब येतो." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचा प्रश्न आता आपोआप तोंडून निघतो: बसवताना हातोडा कुठे मारलात?

पुढचं सगळं मारुती ८०० आणि जुन्या अल्टोसारख्या गाड्यांबद्दल आहे. यांच्या मागच्या ब्रेक ड्रमच्या पोटातच दोन बॉल बेअरिंग असतात, दोघांच्या मध्ये एक स्पेसर (अंतर राखणारी नळी), आणि हे सगळं स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, चढवून एका मोठ्या नटाने आवळलेलं. तुमच्या गाडीत बेअरिंगसकट अख्खा हब चार बोल्टांवर बदलता येत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. हातोड्याचं पुराण सोडून बाकीचं वाचा.

आवाज कुठून येतो ते न ठरवताच पाना हातात घेणारे निम्मे असतात. छोट्या हॅचबॅकमध्ये मागच्या चाकाची घरघर सगळ्या केबिनमध्ये घुमते, त्यामुळे कानावर विसंबू नका. गाडी न्यूट्रलमध्ये टाकूनही आवाज वेगाप्रमाणेच वरखाली होतो का बघा, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सवरचा संशय बराच कमी होतो. मोकळ्या रस्त्यावर हलकं डावीकडे वळलात की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवीकडचं बेअरिंग. आणि टायर वेडेवाकडे झिजले असतील तर तेही हुबेहूब असंच घोंगावतात. मी आधी टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून पाहतो. आवाज टायरबरोबर पुढे आला तर बेअरिंगचे पैसे वाचले. चाक वर-खाली धरून हलवलं आणि 'प्ले (ढिलेपणा) नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं' असं ठरवणारेही भेटतात. बॉल बेअरिंग तसूभर न हलता भरपूर ओरडू शकतं. चाक उचलून एका हाताने फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते.

जॅकवर गाडी ठेवून काम करू नका. विटांवर तर मुळीच नाही, वीट सांगून फुटत नाही. ड्रम निघायला हँडब्रेक सोडावा लागतो, हे बऱ्याच जणांना गाडी उचलल्यावर आठवतं. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, गाडी पहिल्या गिअरमध्ये, खाली स्टँड, आणि मग हँडब्रेक खाली. मधला नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. वर उचललेल्या गाडीवर पाइप लावून झोंबणाऱ्यांना पाहवत नाही. नटाची कड स्पिंडलच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल तर ती आधी उचला, नाहीतर नटाबरोबर आटेही जातील.

ड्रम येत नसेल तर ब्रेक शू सैल करा आणि स्लाइड हॅमर लावा, म्हणजे दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने झटके देऊन ड्रम बाहेर ओढणारं हत्यार. तो भाड्याने मिळतो, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून उसनाही मिळतो. ड्रमच्या कडेवर हातोडे घातलेत तर बिडाचा टवका उडेल. आतली काळी धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून पुसा.

आता हातोडा.

शेजारच्या विंगमधल्या एका मुलाने अल्टोचं काम स्वतः केलं. तसा हुशार मुलगा. बेअरिंग नामांकित कंपनीचं, पक्क्या दुकानातून बिलासकट घेतलेलं. पुलर, ग्रीस, हातमोजे, सगळं हजर. घाई तेवढी होती, जेवायच्या आत संपवायचं होतं. बेअरिंगच्या भोकावर नेमका बसणारा एक सॉकेट सापडला, आणि तोच ठेवून त्याने बेअरिंग ड्रममध्ये ठोकलं. पुढे कोल्हापूरला निघाला तर खंबाटकीच्या पुढे कुणकुण, साताऱ्यापर्यंत चांगलीच घरघर. परत आल्यावर आम्ही दोघांनी ड्रम उघडला. बेअरिंगचं रबरी सील उचकटून आत रॉकेलने धुतलं आणि बोटाने सावकाश फिरवलं. एकसारखं फिरायच्या ऐवजी ठरावीक अंतरावर अडकत होतं. बेअरिंगमध्ये दोन पोलादी कड्या असतात, आतली रेस आणि बाहेरची रेस, आणि त्यांच्या मध्ये गोळ्या. मग गॉगल लावून ग्राइंडरने बाहेरची रेस कापली. गोळ्या जिथून धावतात त्या चरात, एका बाजूला, ओळीने ठिपके. दोन ठिपक्यांमधलं अंतर दोन गोळ्यांमधल्या अंतराइतकंच.

कारण साधं आहे. ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रेस. तुम्ही ठोकलंत आतल्या रेसवर. मधला सगळा मार गेला गोळ्यांमधून, आणि गोळी रेसला टेकते ती सुईच्या टोकाएवढ्या जागी. कितीही कडक पोलाद असलं तरी तिथे खळगा पडतोच. बेअरिंग पहिला किलोमीटर धावायच्या आधीच संपलेलं असतं, फक्त आवाज यायला वेळ लागतो.

ही खोड लागते कशी, तेही सांगतो. जुनं बेअरिंग काढताना स्पेसर जरा बाजूला सरकवून, पलीकडून लांब पंच घालून, आतल्या रेसवर आलटून पालटून ठोके मारावे लागतात. तिथे दुसरी जागाच नसते, आणि ते भंगारात जायचं असल्यामुळे चालतं. त्याच तंद्रीत हात नव्यावरही तसाच पडतो. व्हिडिओत दोन्ही एकाच दमात दाखवतात, त्यात ही पोरं व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतात.

मी लेथवाल्याकडून साध्या लोखंडाची एक रिंग करून घेतली आहे. बाहेरून ड्रमच्या भोकापेक्षा किंचित लहान, म्हणजे फक्त बाहेरच्या रेसवर टेकते. बेअरिंग रात्रभर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. ड्रम हीट गनने हाताला सोसवणार नाही इतका तापवलेला. गॅसची नळी लावून लाल करायचा नाही. मग थ्रेडेड रॉड, दोन्हीकडे जाड वॉशर, आणि पान्याने सावकाश ओढायचं. तिरकं जातंय वाटलं की थांबायचं, बाहेर काढायचं, पुन्हा. हे जमणार नसेल तर ड्रम घेऊन सरळ प्रेसवाल्याकडे जा, यात कमीपणा काही नाही. फक्त तिथे उभे राहा आणि तो कोणत्या रेसवर दाब देतोय ते बघा. प्रेसवरही आतली रेस दाबली तर तेच खळगे पडतात.

स्पेसर आत घालायचा राहिला तर काय होतं, हे विचारणारे दरवर्षी भेटतात. नट आवळला की दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या जागेवरच राहतात, आणि गोळ्या कडेला घासत मरतात. हरवलेला स्पेसर अंदाजाने आखूड बनवला तरी हेच होतं.

माझं दुसरं दुखणं म्हणजे नट. टेपर रोलर बेअरिंगच्या (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या) गाड्यांवर हात बसलेले जुने मिस्त्री शिकवतात की नट आवळा, मग थोडा मागे फिरवा. टेपरला ते बरोबरच आहे, तिथे नटानेच फट ठरते. इथे फट स्पेसरने ठरवलेली आहे आणि नटाचं काम आतल्या रेस नि स्पेसर स्पिंडलवर गच्च धरण्याचं. नट मागे घेतला की आतली रेस स्पिंडलवरच फिरायला लागते आणि स्पिंडल खाते. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा तिथे निळसर डाग आणि रेघा दिसतील. असा झिजलेला स्पिंडल पाहून कोणी म्हणालं, 'पंच मारून देतो, घट्ट बसेल', तर नमस्कार करून निघा. पंच मारून स्पिंडलवर उठलेली टोकं थोडे दिवस धरतात, मग चपटी होतात. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, आणा, सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा बघा. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्यांचे हात मी पाहिलेत. नट ठोकून लॉक करायच्या प्रकारचा असेल तर दर वेळी नवा घ्या, कोटर पिनचा असेल तर पिन नवी.

सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस भरायला सील उचकटू नका. उघडं असेल तर व्हील बेअरिंगचंच ग्रीस, आणि गच्च नाही, रिकाम्या जागेच्या अर्धं पुरे. जास्त झालं की तापतं आणि वितळून शूवर येतं.

एका चाकातली दोन्ही बेअरिंग एकदम बदला. दुसरीकडचं चाक गप्प असेल तर त्याला हात लावू नका.

एबीएसच्या नव्या गाड्यांत काही बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकीय पट्टी असते. ते तोंड सेन्सरकडे हवं. उलटं बसवलंत तर गाडी छान चालेल, डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागेल, आणि दुरुस्ती म्हणजे आणखी एक नवं बेअरिंग, कारण दाबून बसवलेलं काढताना वाचत नाही.

आणि पावसाळ्यात घाट उतरून, ड्रम तापलेले असताना, तुंबलेल्या अंडरपासमध्ये गाडी घालू नका. गरम ड्रम एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. वॉशिंगवाल्यालाही प्रेशरचा फवारा चाकाच्या मधोमध धरू देऊ नका. गेल्या पावसात माझ्याकडे आलेल्या बहुतेक ड्रममध्ये ग्रीसच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी होतं.